एका गळ्यातल्या दोन मराठी

पनवेल सोडलं की पळस्पे फाट्यावर रस्ता फुटतो. एक वाट गोव्याकडे वळते आणि काही किलोमीटरवर आमचं शिरढोण येतं. दुसरी सरळ पुण्याकडे जाते. त्या बाजूला, एक्स्प्रेसवेवर, मुंबईकडून जाताना पहिला बोगदा लागतो तो भाताणचा. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईचा कार्यक्रम आटोपून मुंबईला परतताना याच बोगद्याच्या तोंडाशी अभिनेत्री आणि निवेदिका भक्ती बर्वे यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्या गेल्या. वय अवघं ५२. एक्स्प्रेसवे तेव्हा अगदी नवा होता, काही टप्प्यांचं काम अजून चालूच होतं.

शिरढोणचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते वासुदेव बळवंत फडके यांच्यामुळे. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते इथं जन्मले. गावाची ती ओळख अभिमानाची आहे आणि तशीच राहील. पण माझ्या पिढीच्या शिरढोणकरांच्या मनात भाताणचा तो बोगदाही कायमचा रुतला आहे. ज्या बाईच्या आवाजातून मराठी कशी बोलायची हे आम्ही शिकलो, आणि आपल्या घरची बोली बोलायला लाजू नये हेही जिच्याकडून शिकलो, तिचा प्रवास आमच्या वेशीजवळ संपला. त्या आवाजाची आणि तो घडवणाऱ्या काळाची ही गोष्ट.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचं टेलिव्हिजन केंद्र सुरू झालं. त्याआधी देशात हे माध्यम फक्त दिल्लीत होतं. तिथं १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं, आठवड्यातून दोनच दिवस आणि तेही थोडाच वेळ. दिल्लीच्या त्या पहिल्यावहिल्या मंडळींत एक मराठी माणूस होता, पु. ल. देशपांडे. आकाशवाणीच्या नोकरीत असताना बीबीसीत जाऊन त्यांनी टेलिव्हिजनचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि पडद्यासाठी पंडित नेहरूंची मुलाखतही घेतली होती. ही गोष्ट पुढं उपयोगी पडणार आहे, म्हणून इथं सांगून ठेवते.

मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हा टेलिव्हिजन हा आकाशवाणीचाच एक भाग होता. दूरदर्शन म्हणून त्याचा वेगळा संसार मांडला गेला तो १९७६ साली. वरळीच्या स्टुडिओत कॅमेरे आले, दिवे आले, यंत्रं जाणणारे लोकही आले. पण त्या कॅमेऱ्यापुढे उभं राहून बोलणार कोण? सिनेमाच्या नटाला तुकड्यातुकड्यांत काम करायची सवय. एखादं वाक्य चुकलं तर दिग्दर्शक पुन्हा घेणार. स्टुडिओतलं बरंचसं काम तर थेट प्रक्षेपित व्हायचं, तिथं चूक झाली की ती घराघरांत पोचलीच. न अडखळता, न थांबता, ठरलेल्या मिनिटाला सुरू करून ठरलेल्या मिनिटाला संपवणारी माणसं मुंबईत एकाच ठिकाणी मुबलक होती, रंगभूमीवर.

म्हणून वरळीच्या त्या इमारतीत नाटकवाल्यांची वर्दळ सुरू झाली. गाणं आणि अभिनय दोन्ही अंगांनी रंगभूमी गाजवलेल्या सुहासिनी मुळगावकर निर्मात्या झाल्या आणि त्यांचं 'सुंदर माझं घर' घरोघरी पोचलं. विनायक चासकरांच्या 'गजरा'तून कितीतरी नाट्यकलावंत पहिल्यांदा पडद्यावर दिसले. सत्तरीचं दशक सरता सरता चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात. बातम्या वाचणाऱ्या स्मिता पाटील पुढं चित्रपटात गेल्या. आज ज्याला आपण मराठी टेलिव्हिजनची सुरुवात म्हणतो ती खरं तर मराठी रंगभूमीचीच एक ओसरी होती. दुपारी स्टुडिओत, रात्री तिसऱ्या घंटेला रंगमंचावर, असा त्या लोकांचा दिवस असायचा.

भक्ती बर्वे त्या ओसरीवर आल्या तेव्हा २४ वर्षांच्या होत्या. जन्म १० सप्टेंबर १९४८ चा. लहानपणीच त्या सुधा करमरकरांच्या बालरंगभूमीत दाखल झाल्या होत्या. सुधाताईंनी मुलांच्या नाटकाला हौसेच्या पातळीवरून उचलून शिस्तीच्या पातळीवर नेलं होतं. मुलांसाठीचं नाटकही नेपथ्यानं, प्रकाशानं, वाणीनं मोठ्यांच्या नाटकाइतकंच चोख असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. समोर पाचशे मुलं बसलेली असताना शब्द तोंडातल्या तोंडात राहिला तर मुलं लगेच चुळबुळ करतात. मुलांइतका कठोर प्रेक्षक नाही. शेवटच्या रांगेतल्या पोराला शब्दाचं शेवटचं अक्षरही ऐकू गेलं पाहिजे, हा धडा ज्या नटीनं दहाव्या-बाराव्या वर्षी गिरवला, तिचे शब्द पुढं कधी विरले नाहीत.

त्यानंतर आकाशवाणी. तिथं बरोबर उलटं शिकायचं असतं. मायक्रोफोन ओठांपासून वीतभर अंतरावर. रंगमंचावरचा आवाज तिथं लावला तर ऐकणाऱ्याच्या कानठळ्या बसतील. श्वास घेतल्याचं ऐकू येता कामा नये, कागद उलटल्याचं ऐकू येता कामा नये. आवाज खाली आणायचा, पण त्यातली ऊब कमी होऊ द्यायची नाही. लाखो लोक ऐकत असले तरी बोलायचं एकाच माणसाशी. भक्तीताईंनी हे दोन्ही टोकांचं शिक्षण घेतलं आणि मग त्या कॅमेऱ्यापुढे बसल्या. निवेदन, बातम्या आणि पुढच्या आठवड्यात काय काय पाहायला मिळणार ते सांगणारी 'साप्ताहिकी'.

'साप्ताहिकी' म्हणजे खरं तर वेळापत्रक. कुठल्या दिवशी कुठला कार्यक्रम, एवढंच. पण त्या ते अशा सांगायच्या की आठवडाभरानं येणारं पाहुणेमंडळ आजच दारात उभं आहे असं वाटावं. कार्यक्रमाचं नाव घेण्याआधी अर्धा क्षण थांबायच्या. ओठांच्या कोपऱ्यात हसू यायचं, मग नाव. त्या अर्ध्या क्षणात आम्ही पोरं पुढं सरकायचो.

आमच्या आळीत टीव्ही पहिल्यांदा आला तो सत्तरीच्या दशकाच्या शेवटाला, शेजारच्या काकांकडे. लाकडी पेटी, सरकत्या झडपेची. त्याचं लायसन काढायला पोस्टात जावं लागे. कौलांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना, तोंड वरळीकडे. वारा सुटला की चित्र थरथरायचं. मग एक मुलगा वर चढून काठी फिरवायचा, दुसरा अंगणात उभा राहून निरोप पोचवायचा, आणि आतून सगळे मिळून "आलं, आलं" म्हणून ओरडायचे. पडद्यावर करडी मुंगीमुंगी हलायची आणि तिच्यातून हळूहळू एक चेहरा गोळा व्हायचा. मोठे डोळे, कपाळावर कुंकू, काठाची साडी. चित्र पुसट असलं तरी आवाज स्वच्छ यायचा.

आमच्या घरात आगरी बोलली जायची. 'पाणी'चं 'पानी', 'शाळा'ची 'शाला', 'मला'चं 'मना'. भाताचं खाचर, मिठागर, मासळी या सगळ्याला लागणारे शब्द त्या बोलीत होते आणि आजीला दुसरी बोली कधी लागलीच नाही. मला लागली, कारण मी शाळेत गेले. पहिलीत असताना तहान लागली म्हणून मी उभी राहून 'पानी' मागितलं आणि गुरुजींनी ते पूर्ण वर्गाला दहा वेळा म्हणायला लावलं. माझा शब्द आणि त्यापुढं त्यांचा शब्द. वर्ग हसला. त्या दिवसापासून मी घरात एक आणि बाहेर एक बोलू लागले आणि बाहेर बोलताना प्रत्येक 'ण' आधी मनात चाचपून पाहू लागले.

म्हणूनच मी त्या पडद्यावरच्या बाईकडे टक लावून पाहत असे. तिचा 'ण' टाळूला लागून सुटायचा तो नाण्यासारखा वाजायचा. तिचा 'ळ' ऐकून मी झोपताना पांघरुणात तोंड घालून सराव करायची. शुद्ध बोलणं म्हणजे ती, आणि ती म्हणजे आपण नाही, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तेव्हा हेच चाललं असणार. मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत बोलणाऱ्या घरांत संध्याकाळी प्रमाण मराठी येऊन बसायची आणि तिथली माणसं आपला आवाज थोडा खाली करायची.

आणि नेमकी हीच बाई त्याच वर्षांत रंगमंचावर रोज रात्री त्याच्या उलट काम करत होती.

२९ जानेवारी १९७५ रोजी 'ती फुलराणी'चा पहिला प्रयोग झाला. निर्मिती इंडियन नॅशनल थिएटरची, लेखन आणि दिग्दर्शन पु. ल. देशपांड्यांचं. टेलिव्हिजनच्या पहिल्या दिवसांत दिल्लीला असलेला तोच माणूस आता मुंबईच्या टेलिव्हिजनवरच्या निवेदिकेला हाताशी धरून भाषेविषयीचं नाटक उभं करत होता. मूळ नाटक बर्नार्ड शॉ यांचं 'पिग्मॅलियन'. भाषाशास्त्राचा एक प्रोफेसर रस्त्यावर फुलं विकणाऱ्या मुलीला उच्चभ्रूंची भाषा शिकवून त्यांच्यात मिसळवून दाखवण्याची पैज मारतो. पैज जिंकतो, पण त्या मुलीचं पुढं काय, हा प्रश्न त्याला पडत नाही. तिला पडतो. त्याच संस्थेच्या गुजराती रंगभूमीवर प्रवीण जोशी आणि सरिता जोशी यांची 'संतु रंगीली' गाजली होती. मराठीत प्रोफेसर झाले सतीश दुभाषी आणि मंजुळा झाल्या भक्ती बर्वे.

शॉ यांनी ती मूळ फुलवाली लिहिली एका नटीला डोळ्यांपुढं ठेवून. मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल. १९१४ साली लंडनला नाटक आलं तेव्हा त्या ४९ वर्षांच्या होत्या आणि तरुण फुलवाली साकारत होत्या. या दोघांचा पत्रव्यवहार कित्येक वर्षं चालला. तालमीतली भांडणं, उच्चारांवरून वाद, प्रेम, पैशाची चणचण, रागरुसवा, सगळं त्या पत्रांत आहे. उतारवयात हात आखडल्यावर ती छापावीत असं कॅम्पबेलबाईंना वाटे, शॉ यांना ते मान्य नव्हतं. दोघंही गेल्यानंतर १९५२ साली संपूर्ण पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला. त्यावरून पुढं दोन पात्रांचं नाटकही झालं. पहिल्या फुलराणीच्या मनात काय चाललं होतं ते जगाला असं तिच्याच अक्षरांतून वाचता आलं.

आपल्या फुलराणीनं ते वेगळ्या रीतीनं सांगितलं. आयुष्याच्या उत्तरार्धात भक्तीताई 'पु.ल., फुलराणी आणि मी' हा एकटीचा कार्यक्रम करू लागल्या. त्यात त्या मंजुळा कशी सापडली ते सांगायच्या, मध्येच मंजुळा व्हायच्या, पुन्हा भक्ती व्हायच्या. मला तो कार्यक्रम म्हणजे गावोगावच्या रसिकांना लिहिलेलं मोठं पत्रच वाटतं. टपालात न टाकता स्वतः घेऊन जायचं आणि उभं राहून वाचून दाखवायचं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांनी आम्हाला 'ती फुलराणी' दाखवायला मुंबईला नेलं. शिरढोणहून पनवेल, पनवेलहून एसटीनं दादर, शिवाजी मंदिर. सोबत आजी. ती आयुष्यात पहिल्यांदाच नाट्यगृहात बसत होती. गाडीत, रस्त्यावर, तिकीट दाखवताना, सगळीकडे ती कुजबुजत होती. मुंबईत आपली बोली कुणाला ऐकू जाऊ नये एवढीच तिची काळजी.

पडदा उघडला आणि साप्ताहिकीवाली बाई आलीच नाही. आली ती फुलांची टोपली घेतलेली, कमरेवर हात ठेवून उभी राहणारी, शब्द चावून फेकणारी पोरगी. तो आवाज त्याच गळ्यातून निघतोय यावर माझा विश्वास बसेना. मी वडिलांना दोनदा विचारलं. तो 'ण' गेला होता, 'ळ' गेला होता. उरला होता तो थेट पोटातून येणारा सूर. आमच्या घाटावर भांडताना बायकांचा लागतो तसा. मंजुळाची बोली आगरी नव्हती, ती मुंबईच्या रस्त्यावरची होती. पण प्रोफेसर तिच्या बोलण्याची नक्कल करू लागले तेव्हा माझे कान तापले. मला पहिलीतला वर्ग आठवला.

मग आलं मंजुळाचं ते एकटीचं लांबलचक भाषण, अपमानानं पेटलेल्या मुलीनं मनातल्या मनात घेतलेला सूड. ते भाषण महाराष्ट्राला पाठ आहे, इतकं की शाळा-कॉलेजांच्या एकपात्री स्पर्धांत कित्येक मुलींनी ते म्हटलं. पण ते म्हणणं आणि भक्तीताईंचं करणं यात फार अंतर होतं. राग चढत जाताना त्यांचा आवाज केवळ मोठा होत नव्हता. तो आधी बारीक झाला, मग थरथरला, मग खिदळला, आणि शेवटी जेव्हा फुटला तेव्हा त्यात एकही शब्द तुटला नाही. शेवटच्या रांगेतल्या पोराला ऐकू गेलंच पाहिजे, हा बालरंगभूमीचा धडा. श्वास कुठं घेतला हे कळलं नाही, तो रेडिओचा. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गोंगाटात आजी खच्चून ओरडून काहीतरी म्हणाली, आपल्या बोलीत, मुंबईत, भर सभागृहात. पुढच्या रांगेतल्या एक बाई मागं वळल्या आणि तिच्याकडे पाहून हसल्या, आपलेपणानं. परतीच्या एसटीत आजी पनवेलपर्यंत मोठ्या आवाजात बोलत होती.

'ती फुलराणी'चे हजाराहून जास्त प्रयोग झाले. पुढं प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा नट्यांनी मंजुळा केली, प्रत्येकीनं आपल्या परीनं. पण पहिल्या मंजुळाचं एक वेगळेपण पुन्हा जमण्यासारखं नव्हतं. तिच्या प्रेक्षकांनी संध्याकाळी तिलाच पडद्यावर निर्दोष प्रमाण मराठी बोलताना ऐकलेलं असायचं. नाटकाच्या शेवटाकडे मंजुळा प्रमाण भाषेत बोलू लागते तेव्हा प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक असायचं की ही भाषा या बाईची रोजची आहे. आणि तरीही त्यांचं प्रेम जडायचं ते आधीच्या मंजुळावर. नाटक जे सांगत होतं ते त्या नटीचं स्वतःचं आयुष्यच सिद्ध करत होतं. भाषा अंगावर चढवता येते, उतरवता येते. तिच्यावरून माणसाची किंमत ठरवायची नसते.

हे फक्त फुलराणीपुरतं नव्हतं. ब्रेख्तचं नाटक चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत आणलं आणि विजया मेहतांनी बसवलं. त्या 'अजब न्याय वर्तुळाचा'मध्ये भक्तीताईंनी लोकनाट्याच्या बाजाचा अभिनय केला. 'हँड्स अप'मध्ये प्रेक्षकांना खळखळून हसवलं, 'गांधी विरुद्ध गांधी'त कस्तुरबा उभ्या केल्या, 'आई रिटायर होते'मध्ये मध्यमवर्गीय घरातली राबणारी आई. १९८३ च्या 'जाने भी दो यारों'मध्ये त्यांनी रंगवलेली धूर्त संपादिका शोभा सेन हिंदी प्रेक्षक अजून विसरलेला नाही. ज्यांना त्यांचं फुलराणीचं नावही ठाऊक नाही त्यांना शोभा सेन ठाऊक असते. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

टेलिव्हिजनवरच्या त्यांच्या कामात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते 'बहिणाबाई'. जळगावजवळच्या आसोद्याची ही शेतकरीण, बहिणाबाई चौधरी. १८८० ते १९५१ हा तिचा काळ. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात सुचेल ते म्हणत गेली. मुलानं, सोपानदेवांनी ते उतरवून घेतलं आणि ती गेल्यावर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं पुस्तक निघालं. तिची भाषा तिच्या मातीची, लेवा घरातली. दूरदर्शनच्या चित्रपटात भक्तीताईंनी बहिणाबाई केली. ज्या पडद्यावर त्यांनी वर्षानुवर्षं प्रमाण मराठीचा वस्तुपाठ दिला, त्याच पडद्यावर त्या नऊवारी नेसून, खानदेशी सुरात, एका निरक्षर बाईचं शहाणपण सांगत होत्या. माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. ती पेटीजवळ सरकून बसली होती. 'ह्या बाईला लिवता येत नाय तरी येवडं येतं,' असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

त्या काळातलं स्टुडिओचं बरंच काम आज पाहायला मिळत नाही. टेप परदेशातून यायची, महाग पडायची, म्हणून एक कार्यक्रम पुसून तिच्यावर दुसरा घ्यायचा असा रिवाज होता. थेट झालेलं तर टेपवर गेलंच नाही. हवेत गेलं आणि ऐकणाऱ्याच्या कानात राहिलं. नाटकाचंही तेच. म्हणून त्या पिढीचा इतिहास लिहायचा तर ज्यांनी पाहिलं आणि ऐकलं त्यांनीच तो लिहायला हवा, गावोगावच्या ओसऱ्यांवर बसून ज्यांनी ऐकलं त्यांनीसुद्धा.

भक्तीताईंचे पती शफी इनामदार मार्च १९९६ मध्ये अचानक गेले. त्यानंतरही त्यांनी रंगमंच सोडला नाही, गावोगावी जाणं सोडलं नाही. वाईला गेल्या होत्या त्याही कार्यक्रमासाठीच. एका नटीचं शेवटचं काम एखाद्या लहान गावातल्या रसिकांसमोर व्हावं, यात मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचं सत्त्व दिसतं. त्यांना मोठी शहरंही तेवढीच, लहान गावंही तेवढीच.

आता पनवेललाच मोठं नाट्यगृह आहे. त्याला नाव आहे आमच्या गावच्या वासुदेव बळवंतांचं. नाटक पाहायला आम्हाला आता दादर गाठावं लागत नाही. मध्यंतराच्या गर्दीत, चहाच्या कपाशी, वडापाव हातात घेऊन उभ्या असलेल्या बायकांत आगरी मोकळेपणानं ऐकू येते आणि तिसरी घंटा झाली की त्याच बायका आत बसून प्रमाण मराठीतलं नाटक रंगून ऐकतात. एका बोलीसाठी दुसरी खाली ठेवावी लागत नाही. ऐकलं की मला आजी आठवते.

पुण्याला जाताना भाताणचा बोगदा लागतो. गाडीत माझा भाऊ असतो, भाची असते. बोगद्याच्या अंधारात शिरताना मी नमस्कार करते आणि भाचीला पुन्हा एकदा फुलराणीची गोष्ट सांगते. सांगते ती आगरीत.